एमएसमध्ये डोळ्याची नस झिजते तेव्हा: ओसीटी कधी करावी, कशी करावी, रिपोर्ट कसा वाचावा

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस (मेंदू आणि नसांच्या आवरणावर हल्ला करणारा आजार), असलेल्या माणसाच्या हातात ओसीटीचा, म्हणजे प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याच्या थरांची जाडी मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट पडतो. सगळं हिरवं दिसलं की घरी सांगितलं जातं, ‘डोळे ठीक आहेत.’ एखादा लाल तुकडा दिसला तर ‘नस सूख गई है’ एवढंच ऐकून माणूस इंदूरहून देवासला नाहीतर खंडव्याला परत जातो. दोन्ही वेळा रिपोर्ट वाचायचा राहूनच गेलेला असतो. कागदावरचे रंग तुमची तुलना करतात ती मशिनमध्ये साठवलेल्या अनोळखी निरोगी डोळ्यांशी. एमएसमध्ये खरी कामाची तुलना दोनच प्रकारची: तुमच्या उजव्या डोळ्याची डाव्याशी, आणि यंदाच्या आकड्याची तुमच्याच जुन्या आकड्याशी. पुढचं सगळं याच धाग्याने लिहिलं आहे.

झिजतं ते नेमकं काय

डोळ्याच्या पडद्याच्या आतल्या बाजूला गँग्लिअन पेशींचा थर असतो. प्रत्येक पेशीतून एक तंतू निघतो. असे साधारण दहा-बारा लाख तंतू पडद्यावरून सरकत डिस्कपाशी जमतात आणि तिथून बाहेर पडून दृष्टीची नस होते. डोळ्याच्या आत असेपर्यंत या तंतूंवर मायलिनचं आवरण नसतं. डिस्कच्या मागे गेल्यावर ते चढतं. एमएसचा हल्ला होतो तो मागे, त्या आवरणावर. पण तिथे एकदा तंतू तुटला की तो उलट्या दिशेने मरत पडद्यापर्यंत येतो आणि शेवटी त्याची पेशीही जाते. म्हणून पडद्यावरची जाडी मोजली की मायलिनची भेसळ न होता थेट तंतू आणि पेशीच मोजल्या जातात, तेही सुई न टोचता आणि मिनिटभरात.

रिपोर्टवर दोन नावं दिसतील. आरएनएफएल म्हणजे डिस्कभोवतीच्या तंतूंचा थर. जीसीएल किंवा जीसीआयपीएल म्हणजे मॅक्युलाजवळचा (पडद्याच्या मध्यावरचा) पेशींचा थर. निरोगी प्रौढात आरएनएफएलची सरासरी साधारण ९० ते १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते, जीसीआयपीएलची ८० च्या आसपास. ऑप्टिक न्यूरायटिसचा, म्हणजे दृष्टीच्या नसेला सूज येण्याचा, अटॅक येऊन गेलेल्या एमएसच्या डोळ्यात आरएनएफएल निरोगी डोळ्यांपेक्षा सरासरी २० मायक्रॉनने कमी आढळतो. ज्या डोळ्याला कधीच अटॅक आला नाही, त्यातही सरासरी ७ मायक्रॉनची घट दिसते. ‘माझ्या डोळ्यांना कधी काही झालंच नाही’ म्हणून तपासणी टाळू नये ती यासाठी.

आधी हे ठरवा: अटॅक चालू आहे का?

एका डोळ्याची नजर काही तासांत किंवा दिवसांत धूसर होत जाणं, डोळा फिरवताना दुखणं, लाल रंग विटल्यासारखा दिसणं, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी मधोमध डाग येणं: यांतलं काही होत असेल तर ओसीटीची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टला फोन करा आणि डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. तपासणाऱ्याला डोळ्याच्या आत काहीच दिसलं नाही तरी अटॅक नाही असं होत नाही, कारण दर तीनपैकी साधारण दोन रुग्णांमध्ये सूज नसेच्या मागच्या भागात असते आणि डिस्क साफ दिसते.

उपचाराबद्दल एक गोष्ट पक्की माहीत हवी. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ऑप्टिक न्यूरायटिस ट्रीटमेंट ट्रायलमध्ये शिरेतून रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन ३ दिवस दिल्यावर नजर लवकर परतली, पण सहा महिने-वर्षानंतरची नजर औषध न घेतलेल्यांसारखीच होती. नुसत्या कमी डोसच्या गोळ्या, म्हणजे वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम प्रेडनिसोन, घेणाऱ्यांना मात्र पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा ‘सलाईन नको, गोळ्याच लिहून द्या’ ही घरच्यांची मागणी इथे महागात पडते. मधुमेह असेल तर या तीन दिवसांत आणि नंतरचा आठवडाभर साखर घरी मोजा, ती हमखास चढते.

आपल्याकडे आणखी एक फाटा तपासावाच लागतो. दोन्ही डोळे एकदम गेले, नजर जवळजवळ पूर्णच गेली, किंवा डिस्क खूप सुजली असेल तर ते एमएस नसून न्यूरोमायलायटिस ऑप्टिका किंवा मॉग अँटिबॉडीचा आजार असू शकतो. अॅक्वापोरिन-४ आणि मॉग या रक्ततपासण्या ‘सेल-बेस्ड अॅसे’ पद्धतीने होतात का, हे नमुना देण्याआधी लॅबला विचारा. चूक झाली तर ती साधी नसते: एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन बीटा, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब, न्यूरोमायलायटिस वाढवू शकतात.

तपासणीला जाताना

इंदुरात एमवाय रुग्णालयाच्या परिसरापासून पलासियापर्यंत ओसीटीची मशिनं पुष्कळ आहेत. अडचण असते ती वेगळीच. डोळ्यांच्या बहुतेक ठिकाणी ओसीटी रोज केली जाते ती मधुमेहाच्या पडद्यासाठी, नाहीतर काचबिंदूसाठी. नुसतं ‘ओसीटी’ लिहिलेली चिठ्ठी नेली तर एकतर फक्त मॅक्युला निघते, नाहीतर फक्त डिस्क. तुम्हाला दोन्ही हवं आहे. चिठ्ठीवर लिहून घ्या: दोन्ही डोळे, डिस्कभोवतीचा आरएनएफएल, आणि मॅक्युलाचा गँग्लिअन सेल अॅनालिसिस. एमएस हा शब्दही चिठ्ठीवर असू द्या, म्हणजे तंत्रज्ञ फक्त काचबिंदूच्या नजरेने बघणार नाही.

सोबत न्यायचं: चष्मा आणि त्याचा नंबर, आधीचे ओसीटी रिपोर्ट मूळ रंगीत प्रतीत, चालू औषधांची यादी, टीबीची औषधं चालू असतील किंवा झाली असतील तर त्यांची तारीख. कॉन्टॅक्ट लेन्स काढून जा.

आता क्रम. हा चुकला की अर्धी माहिती वाया जाते. चष्मा लावून नजर, रंगांची पुस्तिका, फिक्या अक्षरांचा तक्ता आणि टॉर्चने बाहुल्यांची तपासणी, हे सगळं बाहुल्या पसरवणारे थेंब घालण्यापूर्वी व्हायला हवं. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेताना ज्या बाजूला बाहुली आकसण्याऐवजी पसरते, त्या बाजूची नस दुसरीपेक्षा जास्त दुखावलेली असते. एकदा थेंबांनी बाहुल्या पसरल्या की ही खूण त्या दिवसापुरती गेली. रिसेप्शनवर बसताक्षणी थेंब घालायला कुणी आलं तर नम्रपणे थांबवा: ‘पहले डॉक्टर साहब टॉर्च से देख लें, फिर डालिए.’

ओसीटीसाठी थेंब नेहमी लागत नाहीत. लागले तर नजर चार-सहा तास धूसर राहते आणि ऊन सहन होत नाही. अॅक्टिवा घरी ठेवा, बरोबर कुणाला तरी न्या, गडद चष्मा आणि टोपी घ्या.

मशिनसमोर

हनुवटी आणि कपाळ पक्कं टेकवा. हिरव्या किंवा निळ्या खुणेकडे बघा. नजर कमजोर असलेल्या डोळ्याला ती खूण दिसतच नसेल तर तसं सांगा. बाहेरची खूण वापरून दुसऱ्या डोळ्याच्या मदतीने नजर स्थिर करता येते. पापण्या मिटू नयेत म्हणून डोळे ताणून धरू नका, त्याने बुबुळ कोरडं पडतं आणि स्कॅन अंधारतो. तंत्रज्ञ ‘मत झपकिए’ म्हणण्याआधी दोन-तीनदा मोकळेपणी पापण्या मिटा. डोळे कोरडे असतील तर अश्रूंसारखे साधे थेंब मागा. एसीच्या झोताखाली बसून वाट पाहिलेल्या माणसाचा स्कॅन हमखास फिका येतो.

रिपोर्ट हातात आल्यावर: आकड्यांआधी दर्जा

स्कॅन खराब असेल तर आकडा खोटा असतो, आणि बहुतेक वेळा तो खोटेपणाने कमी दिसतो. म्हणून काउंटर सोडण्याआधी हे बघा.

नाव, जन्मतारीख आणि उजवा-डावा बरोबर आहे का. जन्मतारीख चुकली तर मशिन वेगळ्या वयोगटाशी तुलना करून चुकीचा रंग देतं. यात चूक होते, आणि बऱ्याचदा होते.

सिग्नल, म्हणजे स्कॅन किती स्पष्ट आला तो आकडा, किती आहे. झाइसच्या सिरस मशिनवर तो १० पैकी असतो, ७ किंवा वर असावा. हायडेलबर्गच्या स्पेक्ट्रॅलिसवर क्यू असा आकडा असतो, १५ च्या खालचा धरू नये, २० च्या वर असला तर बरं. कमी असेल तर लगेच पुन्हा स्कॅन मागा. तिथल्या तिथे दोन मिनिटांचं काम असतं, घरी गेल्यावर ते पूर्ण खेपेचं होतं.

डिस्कभोवतीचं वर्तुळ मध्यावर आहे का. हे वर्तुळ साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाचं असतं. ते एका बाजूला सरकलं तर डिस्कला चिकटलेल्या बाजूचा आकडा फुगतो आणि लांबच्या बाजूचा पडतो. सरासरी मात्र फारशी हलत नाही, त्यामुळे चूक लपते. चित्रात डोळ्याने बघून कळते ती.

शेवटचं, थरांच्या रेषा. काळ्या-पांढऱ्या उभ्या छेदात मशिनने थराच्या वर आणि खाली रेषा आखलेली असते. रेषा कुठे एकदम खाली कोसळली असेल, किंवा आलेखात जाडी शून्याला टेकली असेल, तर तिथे झीज नाही, मशिनची चूक आहे. जिवंत डोळ्यात आरएनएफएल शून्य होत नाही. अगदी अंध डोळ्यातही आधाराच्या पेशी आणि रक्तवाहिन्यांमुळे काही दहा मायक्रॉन जाडी उरतेच.

आता आकडे

समजा रिपोर्टवर आरएनएफएलची सरासरी उजवीकडे ९६ आणि डावीकडे ८८ आहे. जीसीआयपीएल उजवीकडे ८२, डावीकडे ७५. चारही आकडे हिरव्या पट्ट्यात. घाईत असलेला कुणीही ‘नॉर्मल’ म्हणून कागद परत देईल. पण फरक बघा: आरएनएफएलमध्ये ८, जीसीआयपीएलमध्ये ७. दोन डोळ्यांत आरएनएफएलचा फरक ५-६ मायक्रॉनपेक्षा जास्त किंवा जीसीआयपीएलचा ४ पेक्षा जास्त असेल, तर कमी असलेल्या डोळ्याच्या नसेला कधीतरी अटॅक येऊन गेल्याची शंका घ्यायला हवी, रुग्णाला आठवत नसला तरी. २०२२ च्या ऑप्टिक न्यूरायटिसच्या निकषांत हाच फरक धरला आहे, आणि एमएसच्या निदानाच्या २०२४ च्या सुधारित मॅकडॉनल्ड निकषांत दृष्टीची नस ही पाचवी जागा म्हणून आली आहे. म्हणजे हा फरक आता निदानाच्या कामाचाही आहे.

नंतर चौकटी, म्हणजे डिस्कभोवतीचे वर, खाली, नाकाकडे आणि कानाकडे असे चार भाग, बघा. एमएसमध्ये झीज बहुधा कानाकडच्या बाजूला, टेम्पोरल चौकटीत, आधी आणि जास्त दिसते, कारण मध्यदृष्टीचे बारीक तंतू तिथून जातात. काचबिंदूत ती वर आणि खाली आधी दिसते. वर-खाली लाल आणि टेम्पोरल हिरवं असेल तर डोळ्याचा दाब आणि डिस्कचा खड्डा तपासल्याशिवाय सगळं एमएसच्या खात्यावर टाकू नये. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात.

चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल तर रंगांवर अजिबात विसंबू नका. लांबट डोळ्यात तंतूंच्या जुड्या टेम्पोरल बाजूला सरकलेल्या असतात. मशिनला वाटतं वर-खाली झीज आहे, तर टेम्पोरल बाजू जाडजूड दिसून तिथली खरी झीज झाकली जाते. अशा डोळ्यात जुन्या आकड्यांशी तुलना हाच भरवशाचा मार्ग.

जीसीआयपीएल आणि जीसीसी यांची गल्लत करू नका. काही मशिनं गँग्लिअन थरात तंतूंचा थरही मिळवून जीसीसी नावाने एकच आकडा देतात, तो साहजिकच मोठा असतो. एका जागचा ९६ आणि दुसऱ्या जागचा ८१ बघून ‘सहा महिन्यांत १५ मायक्रॉन गेले’ असा निष्कर्ष काढून रडारड झालेली घरं आहेत. मोजलेली वस्तूच वेगळी होती.

कधी करायची, किती वेळा

निदान झालं की, औषध सुरू होण्याच्या आगेमागे, पहिला स्कॅन. तुमच्या पुढच्या सगळ्या आकड्यांचा पाया हाच. तो राहिला तर नंतर कितीही चांगलं मशिन मिळो, तुलना कशाशी करणार?

अटॅकच्या पहिल्या आठवड्यांत आरएनएफएल सुजेमुळे जाड होतो, ११० किंवा त्याहून वर जातो. तो उतरत ‘नॉर्मल’ ९५ वर आला की लोक सुटकेचा श्वास सोडतात. प्रत्यक्षात तो तिथून पुढेही उतरत असतो. आरएनएफएलची झीज तीन ते सहा महिन्यांत स्थिरावते. पेशींचा थर सुजत नाही, म्हणून त्याची घट आधी कळते, चार-सहा आठवड्यांतच. त्यामुळे अटॅकच्या वेळी एक, तीन महिन्यांनी एक, सहा महिन्यांनी एक. एरवी वर्षाला एक पुरे. दर दोन महिन्यांनी केल्यास मशिनच्या स्वतःच्या चढउतारापलीकडे काही हाती लागत नाही. आरएनएफएलमध्ये एका स्कॅनपासून दुसऱ्यापर्यंत चार-पाच मायक्रॉन इकडेतिकडे होऊ शकतात. वयानुसार निरोगी माणसाचीही घट होते, पण ती वर्षाला मायक्रॉनच्या अंशांत असते.

झीज, पण एमएसची नव्हे

टीबीच्या उपचारात इथॅम्ब्युटॉल असतं. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते पहिल्या दोन महिन्यांनंतरच्या टप्प्यातही चालू राहतं. त्याने दोन्ही डोळ्यांची नजर सारखीच, न दुखता, हळूहळू कमी होते आणि रंग बिघडतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका वाढतो. अशी शंका आली तर ज्यांनी औषध दिलं त्या डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा. स्वतःहून सगळीच औषधं बंद करणं हाही मार्ग नव्हे.

दुसरं, बी-१२. शुद्ध शाकाहारी घरात आणि तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांत हे नजरेआड करू नये. दोन्ही डोळ्यांत सारखी टेम्पोरल झीज दिसली की पातळी तपासा. कमी असेल तर इंजेक्शनं घ्या, मात्र पातळी भरपूर असताना ‘नसेच्या ताकदीसाठी’ वर्षानुवर्षं मिथाइलकोबालामिन घेतल्याने मेलेले तंतू परत येत नाहीत. मेलेले तंतू उगवून आणणारं औषध आज दुकानात नाही. जे विकतात त्यांच्यापासून चार हात लांब राहावं. उरलेले वाचवायचे असतील तर एमएसचं मूळ औषध न चुकता घेणं हेच काम.

आणि मूळ औषधाचीच एक बाजू: फिंगोलिमॉडने मॅक्युलाला सूज येऊ शकते. सुरू करण्यापूर्वी आणि तीन-चार महिन्यांनी मॅक्युलाची तपासणी करायची असते. मधुमेह किंवा पूर्वी युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज) झालेल्यांनी तर नक्कीच. यात आकडा वाढतो, कमी होत नाही. ‘जाडी वाढली, म्हणजे सुधारलं’ असं समजू नका.

घरी ठेवायची नजर

महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, चष्मा लावून. तळहाताने एक डोळा झाका, बोटांनी नको, फटीतून दिसतं आणि पापणीवर दाब येतो. बाटलीचं लाल झाकण आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याने बघा. एका डोळ्याला ते विटकरी किंवा फिकं गुलाबी दिसत असेल तर तारीख घालून लिहा. चांगल्या डोळ्याच्या रंगाला शंभर धरून दुसऱ्याचा किती वाटतो तेही लिहा. मग फिकं छापलेलं बिल धरा, वाणसामानाचं चालेल, आणि किती अंतरावरून वाचता येतं ते बघा. काळी ठसठशीत अक्षरं दोन्ही डोळ्यांना सारखी वाचता येतात, म्हणून सहा-सहाची नजर असूनही माणूस तक्रार करतो आणि त्याचं कुणी ऐकत नाही. एमएसमधली कमतरता फिक्या अक्षरांत उघडी पडते.

एका नसेतून संदेश उशिरा पोचत असेल तर समोरून येणाऱ्या गाडीचं अंतर चुकीचं वाटतं. पलासियासारख्या चौकात गाडी चालवणाऱ्याने हे मनावर घ्यावं.

इंदूरचा मे महिना आणि नवतपा यांचं वेगळं सांगायला हवं. अंग तापलं की जुन्या अटॅकच्या डोळ्याची नजर काही वेळ धूसर होते, थंड झालं की परत येते. विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच हे नोंदवलं होतं. ही नवी झीज नव्हे. सकाळी दहाच्या आत बाहेरची कामं, मानेवर ओला पंचा, गार पाणी. पण सावलीत येऊन, अंग गार होऊन, ताप नसताना चोवीस तासांनंतरही धूसरपणा टिकला तर तो उन्हाचा नाही, त्याला अटॅकच समजून चाला. ताप किंवा लघवीची जळजळ असेल तर आधी संसर्ग तपासा, तोही नजर अशीच बिघडवतो.

फाइल

न्यूरॉलॉजिस्ट एका इमारतीत, डोळ्याचे डॉक्टर दुसऱ्या, आणि मधला दुवा तुम्ही. एक वही करा. प्रत्येक स्कॅनच्या ओळीत: तारीख, मशिनचं नाव, सिग्नल, आरएनएफएल उजवा-डावा, जीसीआयपीएल उजवा-डावा, फरक, त्या वेळचं औषध. न्यूरॉलॉजिस्टना वीस पानांच्या फाइलपेक्षा ही एक ओळ जास्त उपयोगी पडते. मूळ रंगीत रिपोर्ट जपा. झेरॉक्सवर थरांच्या रेषा दिसत नाहीत, मोबाइलवरचा फोटो त्यापेक्षा बरा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करताना ही वही जोडा, पण दृष्टीची टक्केवारी मायक्रॉनवर ठरत नाही. चष्मा लावूनची नजर आणि फील्डची (नजरेच्या आवाक्याची) तपासणी लागते, ती वेगळी करून घ्या.

आणि मशिन बदलू नका. सिरसवरचा आकडा आणि स्पेक्ट्रॅलिसवरचा आकडा एकाच डोळ्याचा असूनही काही मायक्रॉनने वेगळा येतो. दवाखान्याने मशिनच बदललं, किंवा तुम्ही नोकरीसाठी पुण्याला निघालात, तर जुन्या मशिनवर एक शेवटचा स्कॅन आणि नव्यावर एक पहिला, दोन्ही एकाच आठवड्यात करून घ्या. वहीत आडवी रेघ मारा आणि रेघेखाली नवा हिशेब सुरू करा.